लहान कार्यालयासाठी सर्व्हर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच ते पंचवीस माणसांच्या कार्यालयांसाठी हे पान लिहिले आहे. सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद, दवाखाने आणि औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे आहेत. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डेटा एका जागी ठेवून नेटवर्कवरून सर्वांना पुरवणारा संगणक, घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न बहुधा प्रोसेसरचा येतो. वीज, डिस्क आणि बॅकअप यांची आठवण पैसे संपत आल्यावर होते. कार्यालये ठप्प होतात ती मात्र याच तीन गोष्टींमुळे. म्हणून पुढील उत्तरांमध्ये त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

आमच्याकडे आठ-दहाच संगणक आहेत. आम्हाला खरोखर सर्व्हर लागेल का?

संगणक किती आहेत यावर हे ठरत नाही. एकाच फाईलवर किंवा हिशेबाच्या एकाच डेटावर दोनपेक्षा जास्त माणसे दिवसभर काम करत असतील आणि तो डेटा आज कोणा एकाच्या टेबलावरील संगणकात असेल, तर सर्व्हरची वेळ आली आहे असे समजावे. तो कर्मचारी रजेवर गेला, संगणक बंद करून जेवायला उठला किंवा त्याच्या विंडोजचे अपडेट सुरू झाले की बाकीचे सगळे खोळंबतात. टॅलीची अनेक वापरकर्त्यांसाठीची 'गोल्ड' आवृत्ती वापरणाऱ्या कार्यालयांत हे नेहमी दिसते. डेटाचे फोल्डर एका संगणकावर शेअर केलेले असते, इतर जण नेटवर्कवरून थेट त्यातच नोंदी करतात आणि नोंद चालू असताना तो संगणक बंद पडला की डेटा दुरुस्त करण्यात अर्धा दिवस जातो.

याउलट, सर्वांचे काम ई-मेल, ब्राउझर आणि भाड्याने घेतलेल्या ऑनलाइन सेवांवर चालत असेल, तर सर्व्हर घेऊ नये. ते पैसे चांगल्या इंटरनेटवर आणि दुसऱ्या कंपनीच्या राखीव जोडणीवर खर्च करावेत.

मग सगळेच क्लाउडवर का ठेवू नये?

काही कार्यालयांसाठी तेच योग्य आहे. फाईली मोठ्या असतील तर मात्र हिशेब करून पाहावा. वास्तुविशारदाची २ गिगाबाइटची फाईल ५० एमबीपीएस वेगाने वर चढवायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो, तर कार्यालयातल्या गिगाबिट नेटवर्कवर तीच फाईल वीस सेकंदांच्या आसपास सर्व्हरवर पोहोचते. हे दिवसातून तीस वेळा होत असेल तर फरक पगारात मोजता येतो. बहुतेक लहान कार्यालयांना रोजचे काम जागेवरच्या सर्व्हरवर आणि बॅकअपची एक प्रत क्लाउडवर, ही मांडणी मानवते.

चांगल्या डेस्कटॉपलाच सर्व्हर केले तर काय बिघडते?

पाच माणसांपर्यंत फारसे बिघडत नाही, पण त्या संगणकावर कोणी बसून काम करणार नाही, त्यात दोन सारख्या डिस्क असतील आणि तो यूपीएसवर असेल या तीन अटी पाळल्या पाहिजेत. त्यापुढे अडचणी सुरू होतात. विंडोज १० किंवा ११ प्रो फाईल शेअरिंगसाठी एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या देते. दहा माणसांच्या कार्यालयात प्रिंटर, स्कॅनर, लॅपटॉप धरून ही संख्या वाटते त्यापेक्षा लवकर भरते. शिवाय साध्या डेस्कटॉपमध्ये चूक सुधारणारी रॅम नसते, बंद न करता डिस्क बदलता येत नाही आणि तो रात्री अडकून पडला तर कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. सर्व्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राची जास्तीची किंमत प्रामुख्याने या गोष्टींची असते.

टॉवर, रॅक की नॅस?

लहान कार्यालयाने टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा सर्व्हर, घ्यावा. डेलचा पॉवरएज टी१५०, एचपीईचा प्रोलायंट एमएल३० किंवा लेनोव्होचा थिंकसिस्टम एसटी५० या जातीची यंत्रे याच गरजेसाठी बनवलेली आहेत आणि माणसे बसतात त्या खोलीतही त्यांचा आवाज सहन होतो. लोखंडी चौकटीत (रॅकमध्ये) आडव्या बसणाऱ्या रॅक सर्व्हरची जाडी 'यू' या मापात मोजतात आणि १ यू म्हणजे पावणेदोन इंच. इतक्या पातळ डब्यात मावणारे छोटे पंखे हवा ढकलण्यासाठी फार वेगाने फिरतात. स्वतंत्र खोली नसताना असा सर्व्हर घेतलेली कार्यालये पहिल्याच आठवड्यात तो कुठे हलवता येईल ते विचारू लागतात.

सिनॉलॉजी, क्यूनॅप यांसारख्या कंपन्यांचा नॅस म्हणजे फाईली सांभाळण्यापुरता तयार सर्व्हर. केवळ फाईली, स्कॅन आणि बॅकअप एवढेच काम असेल तर तो स्वस्तही पडतो आणि कमी वीज खातो. हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा दवाखान्याची नोंदवही त्याच यंत्रावर चालवायची असेल, तर मात्र टॉवर घ्यावा.

प्रोसेसर कोणता घ्यावा?

चार ते आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), प्रत्येक कोअरचा वेग चांगला असलेला, चालू पिढीतला कोणताही सर्व्हर प्रोसेसर पंधरा माणसांना पुरतो. इंटेलची झिऑन ई मालिका किंवा एएमडीने २०२४ मध्ये आणलेली एपिक ४००४ मालिका या वर्गातली आहे. हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर एका वेळी एकाच कोअरवर भार टाकतात, त्यामुळे सोळा मंद कोअरपेक्षा सहा वेगवान कोअर अधिक उपयोगी ठरतात. दोन प्रोसेसरच्या यंत्राचा सल्ला कोणी देत असेल, तर दुसरा प्रोसेसर नेमके कोणते काम करणार हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.

ईसीसी (चूक सुधारणाऱ्या) रॅमचा आग्रह का धरला जातो?

रॅममधला एखादा बिट आपोआप उलटा होऊ शकतो, ० चा १ किंवा १ चा ०. टेबलावरच्या संगणकात त्यामुळे फार तर एखादा प्रोग्रॅम बंद पडतो. सर्व्हरमध्ये तोच बिट डिस्कवर लिहिला जाणाऱ्या नोंदीतला असू शकतो आणि मग चुकीची नोंद निमूटपणे सर्व बॅकअपमध्येही उतरते. डीडीआर४ प्रकारच्या ईसीसी रॅमवर दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. त्यांच्या आधाराने एका बिटाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान लक्षात येते.

डीडीआर५ रॅमच्या जाहिरातीत 'चिपच्या आत ईसीसी' असे लिहिलेले असते. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरती आहे आणि रॅमपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिला पूर्ण ईसीसी समजू नये. आणखी एक खबरदारी म्हणजे ईसीसी रॅममध्ये 'अनबफर्ड' आणि 'रजिस्टर्ड' असे दोन प्रकार असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लहान टॉवरना बहुधा अनबफर्ड लागते, तर बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी रॅम बहुधा रजिस्टर्ड असते. फाईल सर्व्हरसाठी १६ गिगाबाइट आणि त्यावर दोन-तीन कामे वेगवेगळी चालवायची असतील तर ३२ गिगाबाइट पुरेशी आहे. सुरुवातीला सगळे खण भरू नयेत.

डिस्क कोणत्या घ्याव्यात आणि 'रेड' कोणते निवडावे?

येथे थोडे थांबून विचार करावा, कारण सर्व्हरमध्ये सर्वाधिक बिघडणारा भाग हाच आहे. 'रेड' म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकीसारख्या चालवण्याची रचना.

दहा माणसांच्या कार्यालयाचा चालू डेटा बहुतेक वेळा १ टेराबाइटच्या आत असतो. त्यासाठी दोन एसएसडी (फिरते भाग नसलेल्या, चिपवर लिहिणाऱ्या डिस्क) घेऊन त्यांचे रेड १ करावे, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जाईल आणि एक गेली तरी काम चालू राहील. यांत्रिक हार्ड डिस्कला विखुरलेल्या छोट्या नोंदी सेकंदाला शे-दीडशेच वाचता येतात, तर एसएसडीला त्या हजारोंनी वाचता येतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर 'अडकते' ही तक्रार प्रोसेसर न बदलता केवळ डिस्क बदलून सुटलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

एसएसडी लिहून लिहून झिजते या भीतीने काही जण ती टाळतात. १ टेराबाइटच्या अनेक साध्या एसएसडींवर ६०० टेराबाइट लिहिण्याची क्षमता छापलेली असते. कार्यालय रोज २० गिगाबाइट लिहीत असेल तर वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात. या गतीने झिजण्याचा प्रश्न कोणाच्याही हयातीत येणार नाही. सर्व्हरसाठीची एसएसडी घ्यायची ती दुसऱ्या कारणासाठी. तिच्यात छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि वीज अचानक गेली तर तात्पुरत्या स्मृतीतला मजकूर चिपवर उतरवण्याएवढी ऊर्जा ते पुरवतात. माहितीपत्रकात ही सोय 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' या नावाने दिलेली असते. आपल्याकडच्या विजेवर तिचे मोल मोठे आहे.

जुने स्कॅन, रेखाचित्रे, एक्स-रे असा मोठा साठा असेल तर त्यासाठी वेगळ्या हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्या सीएमआर पद्धतीच्या (मजकुराचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या) असल्याची खात्री करावी. एसएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे थोडे बदलायचे असले तरी शेजारचे बरेच पुन्हा लिहावे लागते आणि बदललेली डिस्क भरून निघायला फार वेळ लागतो. २०२० मध्ये असे उघड झाले की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कसुद्धा एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जाता मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत तपासावा.

चार डिस्क असतील तर रेड १० करावे, म्हणजे डिस्कच्या दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्हींवर एकच मजकूर. मोठ्या हार्ड डिस्कवर रेड ५ (तीन किंवा अधिक डिस्कवर मजकूर वाटून, एक गेली तर बाकीच्यांवरून तो पुन्हा उभारण्याची रचना) आम्ही सुचवत नाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारणपणे १० च्या १४ व्या घाताइतके बिट वाचताना एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते असे लिहिलेले असते, आणि हे बिट म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइट. प्रत्यक्षातल्या डिस्क यापेक्षा पुष्कळ बऱ्या निघतात. तरीही रेड ५ मधली एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सगळ्या मोठ्या डिस्क सलग वाचून काढणे म्हणजे नेमक्या वाईट वेळी त्यांची कसोटी घेणे आहे. आणि कोणतेही रेड घेतले तरी त्याच मापाची एक डिस्क कपाटात आणून ठेवावी. डिस्क शनिवारी संध्याकाळी जाते तेव्हा हमी सोमवारनंतर कामाला येते.

डिस्क गेल्याचे कळले पाहिजे, हेही तितकेच महत्त्वाचे. एका कार्यालयात सर्व्हरच्या पुढच्या बाजूचा पिवळा दिवा तीन महिने लुकलुकत होता. यंत्राचा पीं-पीं आवाज त्रासदायक वाटल्याने कोणीतरी बंद केला होता आणि दिव्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे टोक लोंबत होते. दुसरी डिस्क मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेली. रेडने आपले काम चोख केले होते, पण निरोप पोहोचला नव्हता. म्हणून बिघाडाचा ई-मेल किमान दोन माणसांना जाईल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी आणि तो खरोखर येतो का ते पाहावे.

रेड असल्यावर वेगळ्या बॅकअपची गरज काय?

रेड फक्त डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाईल ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसते आणि खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाईल दोन्हींवर तितक्याच तत्परतेने लिहिते. चोरी, आग आणि पूर यांत तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात.

जगभर मानलेला नियम तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत जागेबाहेर असा आहे. लहान कार्यालयात तो असा पाळता येतो. सर्व्हरवरचा डेटा रोज रात्री नॅसवर किंवा दुसऱ्या संगणकावर जावा आणि त्याच्या मागच्या किमान तीस दिवसांच्या आवृत्त्या राहाव्यात. दोन बाह्य हार्ड डिस्क घेऊन त्यांवर 'अ' आणि 'ब' अशी ठळक चिठ्ठी लावावी. एक कार्यालयात असेल तेव्हा दुसरी जबाबदार व्यक्तीच्या घरी असावी आणि दर शुक्रवारी त्यांची अदलाबदल व्हावी. या डिस्कवरचा मजकूर संकेतशब्दाने बंद केलेला असावा, कारण त्या रिक्षात विसरतातही. बॅकअप संपल्यावर डिस्कची केबल काढून ठेवणे हा यातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. कायम जोडून ठेवलेली बाह्य डिस्क व्हायरसच्या दृष्टीने सर्व्हरचाच आणखी एक ड्राइव्ह असते.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जुन्या फाईल शेअरिंग पद्धतीतल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरला. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या तशाच व्हायरसने इंटरनेटवर थेट उघडे ठेवलेले नॅस गाठले. त्यामुळे घरून काम करण्यासाठी सर्व्हरचे किंवा नॅसचे दार राऊटरमधून थेट उघडू नये. व्हीपीएनमधूनच (इंटरनेटवरून कार्यालयापर्यंतच्या कुलूपबंद, खासगी वाटेनेच) आत यावे.

यात कायद्याचाही भाग आहे. हिशेबाची पुस्तके संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. कंपनी कायद्यानुसार ही पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, तर जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. साठ्याचा अंदाज बांधताना ही मुदत धरावी.

यूपीएस किती मोठा घ्यावा? कार्यालयात इन्व्हर्टर आहे, तो चालणार नाही का?

इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे ठेवावेत. लाईट गेल्यावर साधा इन्व्हर्टर सुरू व्हायला लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, पण सर्व्हर तेवढ्यात बंद होऊन पुन्हा चालू होऊ शकतो. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर सर्व्हरच्या आधुनिक पॉवर सप्लायला मानवत नाही. शिवाय बॅटरी संपत आली हे सर्व्हरला सांगण्याची सोय त्याच्याकडे नसते.

यूपीएसवर छापलेला आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो आणि आपला भार वॅटमध्ये, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बाजारातला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस सर्वसाधारणपणे ३६० वॅटच देतो. दहा माणसांच्या कार्यालयातला टॉवर सर्व्हर सुमारे १२० वॅट घेतो, नेटवर्क स्विच आणि राऊटर मिळून आणखी ३० धरले तर भार १५० वॅट होतो. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस त्याला सहज पेलतो. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या तीन बॅटऱ्या असतील तर कागदावर २५२ वॅट-तास होतात. प्रत्यक्षात निम्मेच हाती येतात असे धरले तरी पाऊण तास मिळतो. प्रिंटर कधीही सर्व्हरच्या यूपीएसवर लावू नये. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस हात वर करतो.

लाइन-इंटरॅक्टिव्ह की ऑनलाइन, हा प्रश्न जागेवर ठरतो. व्होल्टेज स्थिर असलेल्या शहरी इमारतीत लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज असताना तीच थोडी सुधारून पुढे देणारा आणि ती गेल्यावर बॅटरीवर जाणारा), शुद्ध साइन लहर म्हणजे वीज कंपनीच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, पुरतो. शेजारी वेल्डिंग चालते, मोटारी सुरू-बंद होतात किंवा जनरेटरवर काम चालते अशा ठिकाणी मात्र ऑनलाइनच घ्यावा, कारण तो येणारी वीज प्रथम बॅटरीच्या प्रकारच्या एकदिश विजेत बदलतो आणि तिच्यातून नवी, स्वच्छ लहर तयार करतो.

यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामधली यूएसबी केबल बहुतेक कार्यालयांत खोक्यातच राहून जाते. ती जोडून सॉफ्टवेअर बसवले, तर लाईट गेल्यावर दहा मिनिटांनी सर्व्हर स्वतःच व्यवस्थित बंद होतो. पुण्यात अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवली जाते. अशा वेळी कार्यालयात कोणी नसले तरी डेटा सुरक्षित राहतो तो या एका केबलमुळे. वीज परत आल्यावर यंत्राने आपोआप चालू व्हावे हा पर्याय बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) निवडून ठेवावा.

बॅटऱ्यांचे छापील आयुष्य २०–२५ अंश तापमानाचे असते आणि तापमान दहा अंशांनी चढले की ते जवळपास निम्मे होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वातानुकूलन नसेल तर दोन वर्षांनी बॅटऱ्या बदलण्याची तरतूद ठेवावी. बाजू फुगलेली बॅटरी दिसली तर ती त्याच दिवशी बदलावी.

अर्थिंग तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे?

सर्व्हर येण्यापूर्वी वायरमनला बोलवावे आणि ज्या प्लगवर यूपीएस लागणार त्याच प्लगवर, कार्यालय चालू असताना, मल्टीमीटर लावायला सांगावे. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टच्या आसपास आकडा यावा, फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळपास तोच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हा तिसरा आकडा १५–२० दिसला किंवा फेज आणि अर्थ यांच्यामधला आकडा वर-खाली नाचू लागला, तर अर्थ सुटलेला किंवा सुकलेला आहे. सर्व्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात ती हीच खूण. अशा जागी कितीही महागडे यंत्र लावले तरी नेटवर्कचे पोर्ट एकेक करून जातात.

पावसाळ्यातल्या विजांचा फटका तारांमधूनही येतो. गच्चीवरच्या किंवा फाटकाजवळच्या कॅमेऱ्याची केबल सर्व्हरच्याच स्विचमध्ये लावू नये. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच द्यावा.

सर्व्हर कुठे ठेवावा?

जमिनीवर नको, खिडकीखाली नको आणि पाण्याच्या पाइपखाली नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पुराचे पाणी तळमजल्यांत शिरले. नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या कार्यालयाने सर्व्हर वरच्या मजल्यावर ठेवावा, आणि बॅकअपची बाहेरची प्रत त्याच पूररेषेतल्या घरी ठेवू नये.

सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असणे उत्तम. बहुतेक टॉवर ३५ अंशांपर्यंत चालतात, पण रात्री वातानुकूलन बंद करून दारे लावल्यावर खोलीत किती तापमान होते ते स्वस्तातला तापमापक ठेवून एकदा मोजावे. लाकडी कपाटात बंद केलेला सर्व्हर स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत घेतो. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा पोर्ट आणि रॅमच्या कडा गंजवते. तिथे खिडकीपासून दूर, कोरड्या खोलीत जागा करावी.

नेटवर्कसाठी वेगळे काही घ्यावे लागेल का?

जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर तो आधी बदलावा. त्यावर सेकंदाला बारा मेगाबाइटपेक्षा जास्त जात नाही, गिगाबिटवर ११० च्या पुढे जाते. हिशेबाचे काम करणारे संगणक वाय-फायवर ठेवू नयेत.

विंडोज सर्व्हर घ्यावा की लिनक्स?

आपले मुख्य सॉफ्टवेअर कशावर चालते त्यावर हे ठरते. टॅली विंडोजवरच चालते. तिचा डेटा मात्र लिनक्सवरील सांबा (विंडोजच्या संगणकांना फाईली शेअर करणारे सॉफ्टवेअर) वापरूनही शेअर करता येतो. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर मोजतात आणि प्रोसेसर चार कोअरचा असला तरी किमान १६ कोअरचे पैसे द्यावे लागतात. याशिवाय प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी वेगळा प्रवेश-परवाना लागतो आणि कोटेशनमध्ये तो हमखास गळलेला असतो. २५ वापरकर्ते आणि ५० यंत्रांपर्यंतच्या कार्यालयांसाठी 'इसेन्शियल्स' आवृत्ती आहे. तिला हे वेगळे परवाने लागत नाहीत, पण ती सर्व्हरच्या उत्पादकाकडून यंत्रासोबतच घ्यावी लागते. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळत असेल तर तिची मुदत पाहावी: विंडोज सर्व्हर २०१६ ला सुरक्षा अपडेट जानेवारी २०२७ पर्यंतच आहेत.

जुना, वापरलेला सर्व्हर घेतला तर?

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मोठ्या कंपन्यांतून निघालेले रॅक सर्व्हर फार स्वस्त मिळतात. विजेचे गणित मात्र आधी मांडावे. सतत १०० वॅट जास्त खाणारे यंत्र वर्षाला ८७६ युनिट जाळते. युनिटला १२ रुपये धरले तर हे १०,५०० रुपये झाले, आणि त्यात वातानुकूलनाचा वाढीव भार धरलेला नाही. सराव किंवा चाचणीसाठी, किंवा बॅकअपचे दुसरे यंत्र म्हणून ते घ्यायला हरकत नाही. मुख्य सर्व्हर म्हणून घेऊ नये, आणि डिस्क कोणत्याही परिस्थितीत नव्याच घ्याव्यात.

कोटेशन आणि हमी यांत काय पाहावे?

डिस्क, रॅम आणि पॉवर सप्लाय यांचे मॉडेल क्रमांक कोटेशनमध्ये लिहिलेले असावेत; '१ टीबी एसएसडी' एवढे पुरेसे नाही. हमी जागेवर येऊन दुरुस्त करणारी आणि पुढच्या कामाच्या दिवशीची असावी, आणि आपल्या गावात ती मिळते का हे पिनकोड देऊन विचारावे. दुरून नियंत्रण करणारे आयलो किंवा आयड्रॅक यंत्रात असते, पण पडदा दुरून पाहण्याचा वेगळा परवाना लागू शकतो. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घ्यावा म्हणजे करपात्र व्यवसायाला १८ टक्के कराची वजावट मिळते. संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा.

सर्व्हर बसवून झाला. शेवटचे पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

पुरवठादाराला समोर उभे करून तीन गोष्टी करून पाहाव्यात, आणि त्या खरा डेटा चढवण्यापूर्वी. पहिली, चालू सर्व्हरमधून एक डिस्क बाहेर काढावी (रचना तशी नसेल तर यंत्र बंद करून काढून पुन्हा सुरू करावे). काम चालू राहिले पाहिजे आणि पाच मिनिटांत दोघांच्या फोनवर ई-मेल आला पाहिजे. दुसरी, भिंतीवरचे यूपीएसचे बटण बंद करून घड्याळ लावावे. ठरलेल्या मिनिटाला सर्व्हर स्वतःहून बंद झाला पाहिजे आणि वीज आल्यावर स्वतःहून उठला पाहिजे. तिसरी, एक चाचणीची फाईल बनवून तिचा बॅकअप होऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी ती सर्व्हरवरून पुसावी आणि बाह्य डिस्कवरून दुसऱ्याच संगणकावर परत आणायला सांगावी. फाईल परत आणण्याचे हे काम पुरवठादाराने न करता आपल्या कार्यालयातल्या त्या कर्मचाऱ्याने करावे, जो उद्या पुरवठादाराचा फोन लागत नसताना तिथे असणार आहे. फाईल त्याच्या पडद्यावर उघडली की धनादेशावर सही करावी.